किल्लीचा मुक्काम: पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधले एन्क्रिप्शन नेमके कुठे फुटते

सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून इथेच पहिली नोकरी धरली, तर हातात बहुधा येते पतसंस्थेचे, दूध संकलनाचे, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे नाहीतर मिरजेतल्या एखाद्या हॉस्पिटलचे सॉफ्टवेअर. ग्राहकाला डेमो देताना ‘सगळा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ हे सांगून झालेले असते. कोड उघडला की एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत खरोखर वापरलेली दिसते, आणि त्याच्या दोनच ओळी वर तिची किल्ली, म्हणजे डेटा बंद करणारे आणि उघडणारे गुप्त बाइट, अवतरणचिन्हांत लिहिलेली दिसते.

एईएस २००१ पासून प्रमाण मानक आहे आणि व्यवहारात ते अजून कोणी फोडलेले नाही. त्यामुळे डेटा हवा असणारा माणूस अल्गोरिदमच्या वाटेला जात नाही, तो किल्ली शोधतो. या लेखात किल्ली तयार होण्यापासून ती निवृत्त करण्यापर्यंतची सगळी वाट क्रमाने घेतली आहे. उदाहरण एकच धरू. पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात एक सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल हा डेटाबेस. चार-पाच शाखांत विंडोजवरचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर. आणि पिग्मी एजंटांच्या हातात अँड्रॉइड ॲप. हे ॲप गणपती पेठेत, मार्केट यार्डात दुकानोदुकानी रोजची रक्कम नोंदवते आणि रेंज मिळाली की सर्व्हरला पाठवते.

आधी मोजदाद

एन्क्रिप्शनला हात लावण्यापूर्वी विचारायचा प्रश्न असा, की ही माहिती साठवायलाच हवी का? आधार क्रमांकाच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. आधार क्रमांक साठवण्याची मुभा असलेल्या संस्थांनी ते वेगळ्या ‘आधार डेटा व्हॉल्ट’मध्ये ठेवावेत आणि त्यांच्या किल्ल्या एचएसएममध्ये, म्हणजे त्यासाठीच बनवलेल्या हार्डवेअरमध्ये ठेवाव्यात, असे आधार देणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ मध्येच सांगितले आहे. संस्थेचे काम शेवटच्या चार अंकांवर भागत असेल तर चारच ठेवा. जो डेटा साठवलाच नाही त्याची किल्ली सांभाळावी लागत नाही.

जे उरेल त्यासाठी किल्ल्यांची यादी करायची. ‘आमच्याकडे एकच किल्ली आहे’ असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही पाच-सहा सहज निघतात: डेटाबेसमधल्या रकान्यांची, बॅकअप फाइलची, लॉगिन टोकनवर सही करणारी, वेब सर्व्हरच्या टीएलएस प्रमाणपत्राची, एसएमएस सेवेची, ॲपवर सही करणारी. त्या शोधायच्या अशा:

१. कोडमध्ये की, सीक्रेट, पासवर्ड, सॉल्ट, आयव्ही ही नावे असलेले व्हेरिएबल शोधा.

२. मग नुसते आकार शोधा. ३२ बाइटची किल्ली बेस६४ मध्ये (बाइट अक्षरांत लिहिण्याची एक पद्धत) लिहिली की ४४ अक्षरांची होते आणि शेवटी एक बरोबरचे चिन्ह येते. १६ बाइटची २४ अक्षरांची, शेवटी दोन चिन्हे. हेक्समध्ये त्याच किल्ल्या ६४ आणि ३२ अक्षरांच्या. नाव कितीही निरुपद्रवी ठेवलेले असो, लांबी लपत नाही.

३. कोडचे जुने बदल जपणाऱ्या गिटच्या पूर्ण इतिहासावर गिटलीक्ससारखे साधन चालवा. आजच्या फाइलमधून ओळ काढलेली असली तरी दोन वर्षांपूर्वीच्या कमिटमध्ये ती तशीच पडून असते.

४. ग्राहकाला दिलेली तयार फाइल उघडा. डॉट नेटची एक्झी आयएलस्पायमध्ये आणि अँड्रॉइडची एपीके जॅडेक्समध्ये टाकली की जवळजवळ मूळ कोडच समोर येतो.

सापडलेल्या प्रत्येक किल्लीसाठी एक ओळ लिहा: ती कशासाठी आहे, कुठे आहे, कोण वाचू शकतो, कधी तयार केली, बदलायची तर काय थांबवावे लागेल. प्रत्यक्ष किल्ली या यादीत लिहायची नाही. हे सांगायची वेळ येते, कारण अशी यादी एक्सेलमध्ये करून, शेवटच्या रकान्यात किल्ल्या भरून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते.

कोडमध्ये पुरलेली किल्ली

कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत या चुकीला स्वतंत्र क्रमांक आहे, ३२१. हे धोक्याचे का, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण ‘आमची एक्झी कोण उघडून बघणार?’ हे उत्तर ठरलेले असते.

तीच एक्झी चाळीस संस्थांना गेलेली असते. म्हणजे आष्ट्याच्या संस्थेच्या संगणकावरून निघालेली किल्ली तासगावच्या संस्थेचा बॅकअप उघडते. दुसरे, नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर त्या कोडची प्रत असते. त्याच्या मनात काही नसेलही, पण तो लॅपटॉप पुढे कोणाकडे गेला हे कोण सांगणार? आणि तिसरे, जे खरे महाग पडते: किल्ली फुटल्याचे कळले तरी ती बदलता येत नाही. नवी आवृत्ती बनवून सगळ्या शाखांतल्या सगळ्या संगणकांवर एकाच वेळी टाकावी लागते. ते जमत नाही म्हणून फुटलेलीच किल्ली वर्षानुवर्षे चालू राहते.

किल्लीचे चार तुकडे करून ते वेगवेगळ्या फाइलींत ठेवायचे आणि चालताना एक्सॉर या बिटांवरच्या क्रियेने जोडायचे, ही युक्ती इथल्या कोडमध्ये फार दिसते. तिचा उपयोग जवळजवळ शून्य. सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनचे काम, सुरू करण्याच्या फंक्शनला अखेर पूर्ण जोडलेली किल्लीच द्यावी लागते. चालत्या प्रोग्राममध्ये डोकावणारे फ्रिडासारखे साधन नेमके त्याच फंक्शनवर बसवले की चारही तुकडे जोडलेले हातात पडतात, मधली कसरत वाचायचीही गरज उरत नाही.

कॉपी-पेस्ट केलेल्या किल्ल्या हा याचाच चुलतभाऊ. एएसपी डॉट नेटच्या ‘मशीन की’ इंटरनेटवरच्या उदाहरणांतून जशाच्या तशा उचलल्या जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा उघड पडलेल्या ३,००० हून अधिक किल्ल्या सापडल्याचे जाहीर केले. त्या वापरून हल्लेखोर सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतात. लॅरावेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या ॲप कीचेही तसेच. ती फुटली की फक्त कुकी वाचल्या जातात असे समजू नका. नमुन्यातून आलेली कोणतीही किल्ली पहिल्याच दिवशी बदला.

किल्ली तयार करताना

३२ अक्षरे हवीत म्हणून संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि वर्ष जोडून किल्ली बनवणे हा सर्वांत लोकप्रिय प्रकार. लांबी २५६ बिट भरते, अंदाज मात्र काही मिनिटांत बांधता येतो, कारण तिन्ही गोष्टी संस्थेच्या पाटीवर लिहिलेल्या असतात. आठ आकडी संख्येत दहा कोटी शक्यता असतात, म्हणजे जेमतेम २७ बिट. पुढे शून्ये जोडून ती ३२ बाइटची केली तरी शक्यता तेवढ्याच राहतात.

साधा रँडम वापरणेही तितकेच घातक. जावाचा नेहमीचा रँडम वर्ग आतून ४८ बिटांवर चालतो. त्यात वेळेचे बीज सेकंदांत दिलेले असेल तर प्रकरण आणखी सोपे: दिवसाचे सेकंद ८६,४००. किल्ली कोणत्या दिवशी बनवली एवढे कळले की तेवढेच प्रयत्न पुरतात. हे मोठ्यांच्याही हातून झाले आहे. डेबियन लिनक्समधल्या ओपनएसएसएलमध्ये २००६ साली एक ओळ काढली गेली आणि यादृच्छिकतेसाठी जवळजवळ फक्त प्रोसेस क्रमांक उरला. चूक मे २००८ मध्ये उघड झाली. तोपर्यंत त्या यंत्रणांवर बनलेल्या किल्ल्या प्रत्येक प्रकारात आणि लांबीत सुमारे ३२ हजारच शक्यतांतल्या होत्या. अल्गोरिदम तोच, किल्लीची लांबी पूर्ण, आणि तरी सगळे उघडे.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच यादृच्छिक बाइट घ्यायचे. जावात सिक्युअररँडम, डॉट नेटमध्ये रँडमनंबरजनरेटर, पायथनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूल, पीएचपीत सातव्या आवृत्तीपासून आलेले रँडम_बाइट्स. ३२ बाइट मागा, संपले. ते बाइट अक्षरांत बदलून, कापून, पुन्हा जोडून ‘अधिक सुरक्षित’ करण्याच्या फंदात पडू नका.

माणसाच्या पासवर्डवरूनच किल्ली काढायची असेल, उदाहरणार्थ बॅकअपसाठी, तर पासवर्डचे थेट बाइट वापरू नयेत. आर्गॉन२आयडी ही मुद्दाम संथ चालणारी पद्धत घ्या, किमान १९ मेबीबाइट मेमरी आणि दोन फेऱ्या. ते उपलब्ध नसेल तर पीबीकेडीएफ२, एचमॅक-एसएचए-२५६ सह सहा लाख आवर्तने. हे आकडे ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशींतले आहेत. दोन्हींत १६ बाइटचे यादृच्छिक सॉल्ट, म्हणजे पासवर्डमध्ये मिसळायचे बाइट, प्रत्येक फाइलला नवे. ते गुप्त ठेवायची गरज नाही, फाइलच्या सुरुवातीलाच लिहा.

एकच आधार, एकच सायफरटेक्स्ट

किल्ली चांगली असूनही ती वापरण्याच्या पद्धतीत घोटाळा होतो. मायएसक्यूएलचे एईएस_एन्क्रिप्ट हे फंक्शन इथे सर्रास वापरतात. काही न सांगता ते वापरले तर ते १२८ बिट ईसीबी पद्धतीने, म्हणजे १६ बाइटचा प्रत्येक तुकडा सुटा एन्क्रिप्ट करत, चालते. १६ बाइटपेक्षा मोठी किल्ली दिली तर ती तेवढ्यात दुमडून बसवते आणि तक्रारही करत नाही. म्हणजे तुम्ही २५६ बिट समजून चालता आणि मिळतात १२८. शिवाय किल्ली एसक्यूएल वाक्यातच लिहून पाठवावी लागते. एखाद्या दुपारी सॉफ्टवेअर हळू चालते म्हणून कोणी क्वेरी लॉग चालू केला की किल्ली त्या लॉगमध्ये, आणि लॉग सपोर्टच्या ईमेलमध्ये. जावातही सायफर मागताना नुसते ‘एईएस’ लिहिले तर ईसीबीच मिळते. म्हणून एन्क्रिप्शन डेटाबेसमध्ये न करता सर्व्हरच्या कोडमध्ये करा, आणि पद्धतीचे पूर्ण नाव लिहा.

ईसीबीमध्ये सारख्या मजकुरातून सारखाच सायफरटेक्स्ट, म्हणजे एन्क्रिप्ट झालेला मजकूर, निघतो. अडोबीच्या २०१३ च्या गळतीत हेच नडले. पासवर्ड ट्रिपल डीईएसने ईसीबी पद्धतीत, एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले होते. किल्ली बाहेर आली नाही, तरी सारखे पासवर्ड असलेली खाती एकत्र दिसली. शेजारी ग्राहकांनी लिहिलेल्या ‘आठवणीच्या खुणा’ उघड्याच होत्या. त्या वाचून लोकांनी पासवर्ड ओळखले. यातला आणखी एक धडा: लॉगिनचे पासवर्ड एन्क्रिप्ट करायचेच नसतात, ते आर्गॉन२आयडीने हॅश करायचे असतात, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही अशा रूपात बदलायचे असतात.

रकान्यांसाठी ईसीबीऐवजी एईएस-२५६-जीसीएम ही पद्धत घ्या. प्रत्येक वेळी १२ बाइटचा नवा यादृच्छिक नॉन्स (एकदाच वापरायचे बाइट), शेवटी १६ बाइटचा टॅग (मजकुरात फेरफार झाली का हे दाखवणारा). साठवण्याचा साचा असा ठेवा: दोन बाइट किल्लीची आवृत्ती, १२ बाइट नॉन्स, मग सायफरटेक्स्ट, मग टॅग. १२ अंकी आधारसाठी हे ४२ बाइट होतात, बेस६४ मध्ये बरोबर ५६ अक्षरे. रकाना अजून १२ अक्षरांचाच असेल, तर मायएसक्यूएलच्या सैल सेटिंगमध्ये मजकूर नुसता इशारा देऊन कापला जातो आणि ती नोंद कायमची जाते. आधी रकाना वाढवा, मग एन्क्रिप्शन चालू करा.

जीसीएममध्ये त्याच किल्लीसोबत तोच नॉन्स दोनदा गेला तर दोन्ही मजकुरांचा एक्सॉर उघडा पडतो, आणि पुढे खोटे टॅग बनवण्याची वाटही मोकळी होते. नॉन्ससाठी डेटाबेसमधला काउंटर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कालचा बॅकअप पुन्हा चढवला की काउंटर मागे जातो आणि वापरलेले नॉन्स परत येतात. यादृच्छिक नॉन्सला ही अडचण नाही. त्याची मर्यादा एका किल्लीमागे २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेळा; पतसंस्थेला ती पुरून उरेल. सोबतचा अतिरिक्त डेटा (जो एन्क्रिप्ट होत नाही, पण टॅगमध्ये तपासला जातो) म्हणून सभासद क्रमांक आणि रकान्याचे नाव द्या. मग एका सभासदाचा सायफरटेक्स्ट उचलून दुसऱ्याच्या ओळीत चिकटवला तर तो उघडतच नाही.

आता लगेच तक्रार येते, की आधार क्रमांकाने सभासद शोधता येत नाही. यावर एसएचए-२५६ हॅशचा रकाना जोडतात, आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. आधार १२ अंकी, पहिला अंक ० किंवा १ नसतो, शेवटचा अंक तपासणीचा. उरतात आठ हजार कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते फार तर काही मिनिटांचे काम. मोबाइल क्रमांक तर ४०० कोटींतच संपतात. शोधासाठी एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश, वापरा, त्याला वेगळी ३२ बाइटची किल्ली द्या, आणि ती एन्क्रिप्शनच्या किल्लीपासून काढू नका.

किल्लीने राहायचे कुठे

इथे ‘सर्वोत्तम’ शोधण्यापेक्षा संस्थेला झेपेल ते निवडावे. पायऱ्या खालून वर अशा.

सर्वांत कमी म्हणजे वेगळी फाइल. ती वेब फोल्डरच्या बाहेर, मालकी फक्त ॲप्लिकेशनच्या वापरकर्त्याची, परवानगी ४००, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल याहून बरे, असा समज आहे. तो फसवा आहे. सर्व्हरवर विसरलेले, सगळी सेटिंग दाखवणारे एक पीएचपीइन्फो पान, चालू राहिलेला डीबग मोड किंवा क्रॅश अहवाल ती व्हेरिएबल जशीच्या तशी छापतो. डॉकर इमेज बनवताना किल्ली दिली तर ती इमेजच्या इतिहासात राहते आणि इमेज मिळालेला कोणीही ती वाचतो.

विंडोज सर्व्हर असेल तर डीपीएपीआय या विंडोजच्याच एन्क्रिप्शनच्या सोयीने ती फाइल बांधा. त्यात ‘वापरकर्ता’ आणि ‘मशीन’ असे दोन पर्याय आहेत. मशीन निवडले तर त्या संगणकावरचा कोणताही प्रोग्राम किल्ली उघडू शकतो, म्हणून सेवेसाठी वेगळा वापरकर्ता बनवून पहिला पर्याय घ्या. मात्र विंडोज नव्याने टाकले की डीपीएपीआयने बांधलेले काहीही उघडत नाही. व्हायरस आला म्हणून हार्डवेअरवाल्याने रविवारी सर्व्हर फॉरमॅट करून दिला, डेटाबेसचा बॅकअपही चढवला, आणि सोमवारी एकाही सभासदाची माहिती दिसेना, हे असेच घडते. किल्लीची प्रत वेगळी हवीच.

त्याच्या वर लिफाफा पद्धत. प्रत्येक संस्थेची वेगळी डेटा किल्ली. ती मास्टर किल्लीने एन्क्रिप्ट करून डेटाबेसशेजारी ठेवायची. मास्टर किल्ली क्लाउडच्या केएमएसमध्ये, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत, जिथून ती बाहेर येतच नाही. एडब्ल्यूएसच्या केएमएसचे मुंबईत केंद्र आहे. नवखा माणूस अख्खा बॅकअपच केएमएसकडे एन्क्रिप्शनला पाठवतो आणि ४,०९६ बाइटच्या मर्यादेला अडकतो. तिथे फक्त ३२ बाइटची डेटा किल्ली पाठवायची असते. एक व्यावहारिक अडचण: वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि त्याच वेळी इंटरनेट बंद, तर डेटा किल्ली उघडता येत नाही आणि कामकाज उभे राहते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या किंवा सर्व्हरच क्लाउडवर न्या.

किल्ल्या सांभाळणाऱ्या हॅशिकॉर्प व्हॉल्ट या सॉफ्टवेअरचे नाव कोणीतरी सुचवतेच. साधन उत्तम आहे. पण नेहमीच्या मांडणीत ते प्रत्येक वेळी सुरू होताना पाचपैकी तीन जणांनी आपापले तुकडे दिल्याशिवाय उघडत नाही. रात्री लाइट गेली की सकाळी साडेनऊला तीन माणसे कोण गोळा करणार? पूर्णवेळ माणूस नसलेल्या संस्थेला ते गळ्यात बांधू नये.

एजंटाच्या मोबाइलमध्ये

ॲपमध्ये सर्वांसाठी एक किल्ली ठेवायची नाही. प्रत्येक फोनवर अँड्रॉइड कीस्टोअरमध्येच, म्हणजे किल्ल्यांसाठीच्या सुरक्षित कप्प्यात, किल्ली तयार करा आणि ती बाहेर काढता येणार नाही अशीच राहू द्या. सर्व्हरवर त्या फोनची नोंद ठेवली की फोन हरवल्याच्या दिवशी तेवढा एकच बंद करता येतो, बाकीच्या एजंटांचे कलेक्शन थांबत नाही.

इथली नेहमीची तक्रार म्हणजे ‘नवा फोन घेतला आणि ॲप उघडताच बंद पडते’. गूगलच्या बॅकअपमधून एन्क्रिप्ट केलेली फाइल नव्या फोनवर येते, कीस्टोअरमधली किल्ली येत नाही. मॅनिफेस्टमध्ये त्या फाइली बॅकअपमधून वगळा, आणि किल्ली सापडली नाही तर ॲपने पुन्हा नोंदणी मागावी. म्हणूनच न पाठवलेले कलेक्शन फोनवर साठू देऊ नका. फोन गेला की ते कुठूनच परत येत नाही.

किल्ली बदलायचा क्रम

वर्षातून एकदा, आणि किल्ली हाताळणारा माणूस नोकरी सोडेल तेव्हा लगेच. ठरवून बदलायची असेल तर मार्चअखेर आणि दिवाळीच्या तोंडावरची पिग्मीची परतफेड टाळा.

क्रम चुकला तर काम अडते, म्हणून तो जसाच्या तसा पाळा. नवी किल्ली, समजा आवृत्ती २, आधी सगळीकडे फक्त वाचण्यासाठी पोहोचवा. ती सगळ्या सर्व्हरवर पोहोचल्याची खात्री झाली की मगच नवे लेखन आवृत्ती २ ने सुरू करा. हे उलटे झाले तर एका सर्व्हरने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही, आणि शाखेतून ‘कधी दिसते, कधी दिसत नाही’ असे फोन येतात.

त्यानंतर जुन्या नोंदी. रात्री ५०० च्या तुकड्यांनी घ्या; २०,००० सभासद असतील तर ४० तुकडे. प्रत्येक नोंद उघडा, नव्या किल्लीने बंद करा, लगेच पुन्हा उघडून मूळ मजकुराशी ताडून पाहा. परत लिहिताना अट घाला, की रकान्यात अजून आपण वाचलेलाच सायफरटेक्स्ट असेल तरच बदल करावा. नाहीतर मधल्या काही सेकंदांत कोणी सभासदाचा मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तुमची स्क्रिप्ट जुना क्रमांक त्यावर बसवेल. शेवटी आवृत्ती १ च्या नोंदी मोजा. शून्य झाल्या की किल्ली निवृत्त.

निवृत्त म्हणजे नष्ट नव्हे. मार्चअखेरचे बॅकअप पाच-सात वर्षे ठेवले जातात आणि ते आवृत्ती १ नेच उघडतात. शेवटचा तसा बॅकअप टाकून देईपर्यंत जुनी किल्ली लेखनासाठी बंद, पण सुरक्षित ठेवा. एडब्ल्यूएस केएमएस किल्ली लगेच पुसत नाही, ७ ते ३० दिवस थांबते. तो अवधी ३० च ठेवा. शोधासाठीची एचमॅक किल्ली बदलताना मात्र आवृत्ती बाइटचा उपयोग नाही; दुसरा रकाना जोडून तो पूर्ण भरावा लागतो आणि मग शोध तिकडे वळवावा लागतो.

प्रती कोणाकडे

बॅकअप आणि त्याची किल्ली एकाच पेनड्राइव्हवर ठेवणे म्हणजे एन्क्रिप्शन न करणेच. पण उलट टोकही तितकेच वाईट: किल्ली फक्त एका प्रोग्रामरला माहीत, आणि तो पुण्याला निघून गेला. स्ट्राँगरूम जशी दोन अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांशिवाय उघडत नाही, तशीच सोय इथे करावी. क्रिप्टोग्राफीतज्ज्ञ शमीर यांच्या १९७९ च्या पद्धतीने किल्लीचे तीन भाग करता येतात, कोणतेही दोन जमले की पूर्ण किल्ली मिळते आणि एका भागावरून काहीच कळत नाही. एक भाग व्यवस्थापकांकडे, एक अध्यक्षांकडे, एक बाहेरगावी. भाग कागदावर छापा, बंद पाकिटात घाला, पाकिटावर सह्या घ्या. भाग पाडण्याचा प्रोग्रामही सोबत जपा, कारण वेगवेगळ्या प्रोग्रामचे भाग एकमेकांत जुळतीलच असे नाही.

बाहेरगाव निवडताना ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर आठवा. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि शहराचा मोठा भाग पाण्यात होता. सांगलीत तळमजल्याच्या तिजोरीत एक पाकीट आणि कराडच्या नदीकाठच्या शाखेत दुसरे, यात अंतर आहे पण नदी तीच. विटा किंवा जतच्या बाजूची शाखा बरी. एचएसएम किंवा सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो वर न्यायची तयारी पावसाळ्याआधीच करावी.

फुटलीच तर

किल्ली सार्वजनिक गिट भांडारात गेल्याचे लक्षात आले, की पहिली धाव ती पुसण्याकडे असते. पुसणे नंतर. सार्वजनिक भांडारांवर यंत्रांची सतत नजर असते, त्यामुळे किल्ली गेली असेच धरून चालायचे. आधी नवी किल्ली चालू करा, टोकनची किल्ली असेल तर सर्वांना लॉगआउट करा, आणि मग गिट फिल्टर-रेपोने इतिहास साफ करा. साफ केल्यावरही सहकाऱ्यांच्या लॅपटॉपवरच्या प्रती राहतात, त्या नव्याने उतरवून घ्यायला सांगा.

नव्या किल्लीने पुन्हा एन्क्रिप्ट केल्यावर पुढचा डेटा वाचतो. ज्याने जुन्या डेटाबेसची प्रत आधीच नेली असेल त्याच्याकडची प्रत जुन्या किल्लीने उघडतच राहणार. त्यामुळे किल्ली कधीपासून उघडी होती आणि त्या काळात बॅकअप कुठे कुठे गेले, हे लॉगवरून काढावेच लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. सहा तासांत कोणी, कोणत्या ईमेलवरून कळवायचे, हे किल्ल्यांच्या यादीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर संस्थेच्या ताब्यात देण्याआधी एक चाचणी घ्या. कोऱ्या संगणकावर फक्त तीन गोष्टी न्या: सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल, कालचा बॅकअप आणि पाकिटांतले दोन भाग (ते जोडणाऱ्या प्रोग्रामसह). प्रोग्रामरला फोन न करता, संस्थेच्या कर्मचाऱ्याने, आधी लिहून दिलेल्या पायऱ्या वाचत, एका सभासदाची नोंद उघडून दाखवायची. नोंद भाग न वापरताच उघडली, तर किल्ली अजून इन्स्टॉल फाइलमध्येच कुठेतरी आहे. मोजदादीच्या चौथ्या पायरीवर परत जा.